निषिद्ध आहे, म्हणून ओंगळ का?

आदिवासी लोक मुंग्यांची चटणी खातात हे कानी पडले, की आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी नाक मुरडतात. "शी! किडे खाणारी माणसे!" असे उद्गार मी चांगल्या शिकलेल्यांच्या तोंडून ऐकले आहेत. मला त्याची चीड येते.

ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात, सिमिलिपालच्या जंगलात, तांबड्या मुंग्या झाडाची पाने शिवून घरटी करतात. गावकरी ती तोडून लगोलग पाण्याच्या बादलीत टाकतात, नाहीतर मुंग्या कडकडून चावतात. मग मुंग्या व अंडी निवडून आले, लसूण, मिरची, मीठ घालून पाट्यावर वाटायची. ही काई चटणी. चव आंबट. घरापुरते ठेवून बाकीचा माल बाजारात विकतात. जमीन नसलेल्यांच्या घरात मीठमिरचीचे पैसे त्यातून येतात. जानेवारी 2024 मध्ये या चटणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. बस्तरात हिलाच चापडा म्हणतात, आणि आपल्या महाराष्ट्रातले गडचिरोलीचे माडियाही ती आवडीने खातात.

मी परिचारिका होते, म्हणून एवढे सांगते: मुंगीत प्रथिने आहेत, लोह व जस्त आहे. ज्या घरात डाळ रोज शिजत नाही तेथे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ते अन्न आहे, औषध नव्हे. 2021 मध्ये ही चटणी करोनावर वापरावी अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, ते योग्यच झाले.

"पण तोरात मना आहे ना?" आहे. मुंगी आम्हांला चालत नाही, मीही खाणार नाही. पण ती आज्ञा आम्हांला आहे, माडियांना नव्हे. शिवाय त्याच वायिक्राच्या 11 व्या अध्यायात चार प्रकारच्या टोळांना परवानगी आहे, आणि येमेनी यहुद्यांनी ते खाण्याची परंपरा जपली. मार्च 2013 मध्ये मिसरमधून टोळधाड नेगेवमध्ये आली, तेव्हा येथे काहींनी टोळ तळून खाल्ले. त्या येमेनी शेजाऱ्यांच्या तोंडावर "शी" म्हणण्याची आपली छाती आहे काय?

कोकणात आपले वाडवडील खवल्यांची मासळी तेवढी घेत, कोळंबी घेत नसत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आपल्या खाण्यापिण्याचे निर्बंध शेजाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळून घेतले. त्यांची नातवंडे आज दुसऱ्याच्या ताटाला हसतात!

आणखी गंमत पाहा. 2021 मध्ये युरोपीय संघाने वाळवलेल्या अळ्या अन्न म्हणून विकण्यास मान्यता दिली. कारखान्यातून पुडक्यात आल्या की त्या 'भविष्यातील अन्न' ठरतात, आणि जंगलातल्या बाईच्या हातून आल्या तर किडे! त्या बाईला तिच्या मालाचा पुरता भाव मिळतो की नाही, हे मात्र नाक मुरडणाऱ्यांपैकी एकानेही मला अजून विचारलेले नाही.