वैनगंगाकाठच्या गावांनो, पुराच्या खुणा रंगवा

तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी आणि लाखांदूर तालुक्यांतल्या वैनगंगाकाठच्या गावकऱ्यांना हे आवाहन आहे. मागणं एकच: मृग लागण्याआधी आपल्या गावात पुराच्या खुणा रंगवून घ्या. मागणं किरकोळ वाटेल, पण २०२० च्या ऑगस्टअखेर, ऐन गणेशोत्सवात आलेला पूर आठवा. कित्येक वर्षांत भंडारा जिल्ह्याने एवढं पाणी पाहिलं नव्हतं. भंडारा शहरातल्या सखल वस्त्या बुडाल्या, गणेशपूर आणि कारधा पाण्यात गेले, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि पुढे ब्रह्मपुरी-गडचिरोलीपर्यंतची गावं वेढली गेली. ते पाणी मुख्यतः मध्य प्रदेशात पडलेल्या पावसाचं होतं, आणि माझा सगळा मुद्दा इथूनच सुरू होतो.

नदीकाठचा माणूस पुराचा अंदाज आपल्या डोक्यावरच्या आभाळावरून बांधतो. गावच्या नाल्यापुरता तो अंदाज बरोबर येतो. वैनगंगेला मात्र तो लागू पडत नाही. ती उगम पावते शिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याला. भीमगडचा संजय सरोवर प्रकल्प तिकडेच आहे. पुढे बालाघाट ओलांडून ती आपल्याकडे येते, वाटेत वाघ आणि बावनथडी मिळतात, आणि भंडाऱ्याच्या खाली आंभोऱ्याला कन्हान येते ती पेंचचं पाणी घेऊन. म्हणून मोहाडीत ऊन पडलेलं असतानाही नदी चढू शकते. ‘एवढ्या पावसात पाणी आपल्या ओट्याला लागत नाही’ हा जुना हिशेब खोटा नव्हता, पण तो धरणांच्या आधीचा होता. आता अडवलेलं पाणी दरवाज्यांतून सुटतं आणि कमी वेळात चढतं. खालून गोसीखुर्दचा फुगवटा असतोच, त्यामुळे आलेलं पाणी झटकन उतरतही नाही.

मग इशारा येत नाही का? येतो, पण आकड्यांत येतो. कारध्याला नदीची इशारा पातळी २४५ मीटर आणि धोका पातळी २४५.५० मीटर आहे. समुद्रसपाटीपासून मोजलेले हे आकडे अभियंत्याला पुरतात. धुऱ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्यातून आपल्या गोठ्यात पाणी कधी शिरेल ते कळत नाही. दोन पातळ्यांत अंतर अवघं अर्धा मीटर, म्हणजे जेमतेम हातभर. त्यात विसर्गाचे निरोप कधी क्युमेकमध्ये येतात, कधी क्युसेकमध्ये. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. निरोप पुढे ढकलताना एवढा एक शब्द बदलला, की घबराट तरी पसरते नाहीतर गाव निर्धास्त झोपतं.

म्हणून आकडा गावाच्या भिंतीवर उतरवायला हवा. कारध्याला २४५ झाले तेव्हा आपल्या गावात पाणी कुठे होतं, २४५.५० ला कुठे, आणि २०२० ला कुठवर आलं, हे स्मशानघाटाच्या पायऱ्यांवर, विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर रंगवून दाखवा: २४५ ची खूण पिवळी, २४५.५० ची लाल. प्रत्येक गावाचा हिशेब वेगळा निघेल. आंभोऱ्याखालच्या गावांना तर नुसता कारध्याचा आकडा पुरणार नाही, त्यांनी गोसीखुर्दच्या पातळीशीही मेळ घालावा. हे काम तलाठी किंवा पाटबंधारे खात्याच्या माणसाला सोबत घेऊन करा, पण ढीवर बांधवांना विचारल्याशिवाय करू नका. नदी कुठून आत घुसते हे डोंगा चालवणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक? अशी खूण खरोखर कामी येते: जपानमधल्या आनेयोशी या खेड्यात १९३३ च्या त्सुनामीनंतर ‘याच्या खाली घरं बांधू नका’ अशा अर्थाचा दगड उभारला गेला. लोकांनी तो पाळला, आणि २०११ ची लाट त्या दगडाच्या खालीच थांबली.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हे काम सरकारचं आहे. खरंच आहे. दोन राज्यांतल्या धरणांच्या विसर्गाचा ताळमेळ नीट बसावा, ही मागणी आपण सोडायची नाही. पण रात्री दोनला पाणी अंगणात आल्यावर दोष कुणाचा हे ठरवत बसता येत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो: ‘मागच्या वेळी निघालो आणि पाणी आलंच नाही. घर, ढोलीतला धान, जनावरं कुणाच्या भरवशावर सोडायची?’ ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माणसं बरेचदा जनावरांपायीच अडकून पडतात. म्हणून पिवळ्या खुणेलाच दावी सोडा, म्हातारी माणसं, बाळंतिणी, आजारी यांना हलवा. धडधाकटांनी लाल खुणेपर्यंत थांबावं, त्यापुढे नाही. निघालेल्या घरांवर पाळत कोण ठेवील, हेही आधीच ठरवा. पाणी आलंच नाही तर एक रात्र शाळेत जाईल, एवढंच.

तिसरी शंका रास्त आहे: खूण पाहून लोक गाफील होतील का? होऊ शकतात. २०२० ची रेघ ही नदीची कमाल मर्यादा नव्हे, तेव्हा आसऱ्याची जागा त्या रेघेच्या बरीच वर धरा. आणि कारध्याच्या पुलावर मोबाइल घेऊन पूर बघायला जाणं थांबवा. त्या गर्दीमुळे मदतीच्या गाड्याच अडतात.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. रंगाचा खर्च फार नाही. कुणी कुणाच्या दारावर थाप मारायची, त्याची मोहल्लावार यादी त्याच सभेत लिहून घ्या आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक खुणेशेजारीच रंगवा.