माणसामागे जाणारी नोंद

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर माणसे परततात. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवरून, वापी-सिल्वासाच्या कारखान्यांतून, गुजरातच्या किनाऱ्यावरच्या बोटींवरून घरे पुन्हा नांदती होतात. राबात बी पडते, पहिल्या पावसाची कोळीची भाजी चुलीवर चढते आणि दिवाळीनंतर ओस पडलेल्या अंगणात पुन्हा पोरांचा कलकलाट ऐकू येतो. याच दिवसांत, १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिन येतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००८च्या डिसेंबरात हा दिवस पाळण्याचा ठराव केला, तेव्हा आपल्या भातशेतीचे दिवस कोणाच्या ध्यानी असण्याचे कारण नव्हते. तरीही तो आपल्याकडे नेमका अशा वेळी येतो, जेव्हा वर्षभर पांगलेले कुटुंब एका छपराखाली असते आणि आरोग्यसेविकेला सगळी माणसे उंबऱ्यावर भेटतात. आजाराचा आढावा घेण्याचे हे दिवस आहेत, आणि आपल्या मते आजाराच्या नोंदींचाही आढावा याच दिवसांत घ्यायला हवा.

सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक असते. भारतात तो पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांत ओळखला गेला. आपल्या वारली, कोकणा, धोडिया घरांत तो त्याआधी कित्येक पिढ्या सांधेदुखी, कावीळ आणि अकाली मृत्यूच्या रूपाने नांदत असणार. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत हा आजार हटवायचा, असा संकल्प आहे. संकल्प मोठा आहे आणि तो मनापासून स्वागत करण्याजोगा आहे. मात्र बोटाला सुई टोचल्यानंतर जो कागद तयार होतो, त्या कागदाचे पुढे काय होते, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

पाड्यावर फिरणाऱ्या पथकाकडे सोल्युबिलिटी चाचणी असते. स्वस्त, सोपी, जागच्या जागी होणारी. तिच्यावरून रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढे कळते. ती व्यक्ती निव्वळ वाहक आहे की प्रत्यक्ष आजारी, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही खात्रीची चाचणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अजून भरपूर असते, म्हणून त्याच्या बाबतीत सोल्युबिलिटीवर विसंबता येत नाही. तीन महिन्यांच्या आत रक्त चढवले असेल, तर खात्रीची चाचणीसुद्धा फसवू शकते. इतक्या गोष्टी ज्या निष्कर्षाच्या पोटात आहेत, तो आपल्या वहीत एका शब्दात मावतो: ‘पॉझिटिव्ह’. कोणती चाचणी, कोणत्या दिवशी, तेव्हा वय किती, रक्त कधी चढवले होते, खात्री झाली की नाही, यांतले काहीच त्या शब्दात नसते. मग एखादी धडधाकट वाहक मुलगी आयुष्यभर ‘सिकलसेलवाली’ म्हणून ओळखली जाते, लग्नाच्या बोलणीत अडते. आणि एखादे खरोखर आजारी मूल ‘वाहक आहे, काही होत नाही’ म्हणून या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीवाचून राहते.

इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके म्हणतात ती नेमकी याच दुखण्यावरची मात्रा आहेत. माहिती कोणत्या रकान्यांत मोडायची, कोणता रकाना कशाशी जोडायचा आणि प्रत्येक गोष्टीला देशभर, जगभर एकच खूण कोणती द्यायची, याचा तो करार आहे. केंद्र सरकारने ही मानके २०१३ साली पहिल्यांदा जाहीर केली आणि २०१६च्या डिसेंबरात सुधारली. त्यांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र आपल्याच पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. रोगाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत सिकलसेलचा वाहक डी ५७.३ खाली येतो आणि वेदनेचा झटका नसलेला रुग्ण डी ५७.१ खाली. आपल्या वहीत एका शब्दात मिसळलेली दोन आयुष्ये तिथे वेगळी उभी राहतात.

आपल्या सीमेवरच्या तालुक्यांना या खुणांची गरज इतरांहून अधिक आहे. तलासरीची बाई माहेरपणाला उधव्याला असते, पोट दुखले तर सिल्वासाला जाते, नवऱ्याच्या कामाच्या जागी वापीत तिचे रक्त तपासले जाते. एका जिवामागे तीन राज्यकारभार. एक कागद मराठीत, एक गुजरातीत, एक इंग्रजीत. प्रयोगशाळेच्या चाचण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या लॉइंक या संकेतावलीत रक्तातल्या हिमोग्लोबिनची खूण ७१८-७ आहे, आणि ती लिपी बदलली म्हणून बदलत नाही. आज आयुष्मान भारत डिजिटल मिशन म्हणून ओळखली जाणारी योजना १५ ऑगस्ट २०२० रोजी ज्या सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला शेजारी दादरा-नगर हवेली होता. देशभर ती २७ सप्टेंबर २०२१ला आली. म्हणजे आपल्या शेताच्या बांधापलीकडे हे पाऊल आधी पडले होते. या योजनेतला चौदा अंकी आभा हा आरोग्य-क्रमांक आता आपल्याकडेही पुष्कळांजवळ आहे. पण क्रमांक हा केवळ दरवाजा झाला. आत नीट मांडलेली नोंद नसेल, तर दरवाजा उघडून डॉक्टरांच्या हाती काय लागणार?

मांडणीचा हा विचार दूरच्या कचेरीत पुरा होत नाही. आपल्याकडे जन्मवारावरून ठेवलेली नावे आहेत. एकेका पाड्यावर चार-चार सोमा आणि बुध्या भेटतात, आणि शाळेत दाखल करताना गुरुजींनी लिहिलेला १ जून हाच कितीतरी जणांचा कागदोपत्री जन्मदिवस असतो. नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीखही तीच. अशा वेळी एकाचे रक्त दुसऱ्याच्या खात्यात जाणे किती सोपे! विशेष हे की, देवाणघेवाणीसाठी आपल्या देशाने स्वीकारलेल्या ‘फायर’ या मानकात जन्माचे केवळ सालही लिहिता येते. ठाऊक नसलेला दिवस आणि महिना रचून लिहावा लागत नाही. जगाच्या मानकाने आपल्या पाड्यासाठी जागा ठेवली आहे. ती जागा आपल्या संगणकाच्या पडद्यावर उतरवणे, पाड्याचे नाव, आईचे नाव, कामासाठी जाण्याचे ठिकाण हे रकाने त्यात आणणे, हे आपले काम आहे.

त्यासाठी आशाताईंना आणि आरोग्यसेविकांना विचारायला हवे. आज एकच गरोदर बाई माता-बाल आरोग्याच्या आरसीएच पोर्टलवर एकदा, सिकलसेलच्या पोर्टलवर एकदा, क्षयाचा संशय आला तर निक्षयवर पुन्हा एकदा लिहिली जाते, आणि दिवसभर डोंगर तुडवलेले हात रात्री नेटवर्क शोधत तीच माहिती भरत बसतात. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. अर्ज कसा असावा, हे त्या केंद्राने आणि गंजाड-सायवनच्या आशांनी एकत्र बसून ठरवले, तर तो अर्ज इथल्या माणसाला ओळखेल.

आणि हे सारे त्या माणसाच्या संमतीने व्हायला हवे. रक्ताची ही माहिती एका व्यक्तीची नसते, तिच्या भावंडांची आणि होणाऱ्या मुलांचीही असते. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण संमती म्हणजे कोणाच्या तरी मोबाइलवर आलेले चार-सहा आकडे वाचून दाखवणे नव्हे. काय लिहिले जाते आणि ते कोण पाहणार, हे वारलीत, तिच्या घरच्या बोलीत सांगितल्यावर बाईने मान हलवली, तरच ती संमती. वीटभट्टीच्या वहीत घेतलेली उचल पैशापैशाने लिहिलेली असते आणि ती वही कुटुंबाचा पाठलाग वर्षानुवर्षे करते. त्याच कुटुंबाच्या रक्ताची नोंद मात्र पावसात भिजून जाते. हे आपण किती काळ चालू देणार?

आवणी उरकेल, भात झोडून होईल, दिवाळी सरेल आणि भट्ट्यांचे ट्रक पुन्हा पाड्याच्या वाटेला लागतील. त्याआधीचे चार महिने आपल्या हाती आहेत. आरोग्य विभागाने तेवढ्या अवधीत तपासणी झालेल्या प्रत्येकाच्या हाती चाचणीचे नाव, दिनांक, खात्री झाली की नाही आणि अंतिम निष्कर्ष छापलेला कागद द्यावा, आणि संगणकातही तीच माहिती त्याच रकान्यांत ठेवावी. ज्यांच्या घरी नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला जुना कागद असेल, त्यांनी तो घेऊन डहाणू, कासा किंवा तलासरीच्या सरकारी रुग्णालयात जावे आणि खात्रीची चाचणी झाली आहे का, हे अवश्य विचारावे.