मोर्चा शांत आहे. ऐकणारा कोठे आहे?

हिवाळी अधिवेशनाचे दिवस जवळ आले म्हणजे नागपुरात दोन कामे एकदम सुरू होतात. सिव्हिल लाईन्समधील रस्त्यांचे खड्डे बुजविले जातात, आणि त्याच रस्त्यांच्या तोंडाशी कठडे रचले जातात. खड्डे मंत्र्यांच्या गाड्यांसाठी बुजतात, कठडे मोर्चेकऱ्यांसाठी उभे राहतात. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरविण्याचे ठरले, ते सरकार विदर्भाच्या माणसास जवळचे वाटावे ह्या हेतूने. आज त्या जवळिकीचे स्वरूप असे आहे की, यशवंत स्टेडियमपासून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेजच्या चौकात किंवा टेकडी मार्गावर अडविला जातो, चार-पाच जणांचे शिष्टमंडळ आत नेले जाते, आणि बाकीची माणसे शिदोरी सोडून रस्त्यावर बसतात. आमचा सुशिक्षित नागरिक त्या दिवशी एकच चौकशी करतो. वाहतूक कोणत्या रस्त्याने वळविली आहे? आणि आम्ही वृत्तपत्रवाले दुसऱ्या दिवशी ‘मोर्चा शांततेत पार पडला’ असे छापून मोकळे होतो.

शांततेत पार पडला खरा. पण त्यातून शांतता निर्माण झाली काय?

शंभर वर्षांपूर्वी ह्याच सिव्हिल लाईन्सच्या वेशीवर एक मिरवणूक अडविली गेली होती. काळ मोठा पडता होता. चौरीचौऱ्याच्या हिंसेनंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये असहकाराची चळवळ मागे घेण्यात आली, पुढच्याच महिन्यात गांधीजींना अटक झाली, आणि ह्या देशातील माणसे शिस्तीने लढू शकत नाहीत असे म्हणणाऱ्यांस जोर चढला. अशा वेळी, १३ एप्रिल १९२३ रोजी, राष्ट्रध्वज घेऊन सिव्हिल लाईन्सकडे निघालेल्या नागपूरकरांना पोलिसांनी रोखले. साहेबांच्या वस्तीतून हा ध्वज जाता कामा नये, एवढाच सरकारचा आग्रह होता. सार्वजनिक रस्त्यावरून आपला ध्वज नेण्याचा आम्हांस अधिकार आहे, एवढाच लोकांचा आग्रह होता. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. लहान लहान तुकड्या ध्वज घेऊन निघत, वेशीवर पकडल्या जात, शिक्षा भोगावयास जात. दुसऱ्या दिवशी नव्या तुकड्या निघत. जूनमध्ये जमनालालजी पकडले गेले. त्यांच्या दंडापोटी सरकारने त्यांची मोटार जप्त केली, तेव्हा तिच्यावर बोली लावणारा माणूस नागपुरात मिळाला नाही! गुजरातपासून बिहारपर्यंतचे स्वयंसेवक येथे येऊन दाखल झाले, सूत्रे वल्लभभाई पटेलांनी हाती घेतली, आणि अटकेत गेलेल्यांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

ह्यापुढचा भाग शाळेच्या पुस्तकांत सहसा दोन ओळींत उरकला जातो, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. वल्लभभाई आणि विठ्ठलभाई हे दोघे बंधू गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांस भेटले, बोलणी झाली. १८ ऑगस्ट १९२३ रोजी ध्वजासह मिरवणूक सिव्हिल लाईन्समधून गेली, पोलीस आडवे आले नाहीत, आणि पाठोपाठ कैद्यांची सुटका झाली. नमले कोण, ह्याविषयी दोन्ही बाजूंनी आपापले खुलासे केले. दोघांनाही तोंड दाखविण्यास जागा उरली. इंग्रज सरकार उदार होते असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. माणसे आपण होऊन तुरुंगात येऊ लागली म्हणजे शिक्षेची धार बोथट होते, हे त्या सरकारास कळले होते. परंतु ज्या सरकारला आमच्या मताची गरज नव्हती, त्याने देखील साडेतीन महिन्यांत आंदोलकांच्या पुढाऱ्यांसमोर खुर्ची ठेवली, ही गोष्ट आम्ही विसरू नये.

मिरवणूक ही स्वतः शांततेची हमी नव्हे, हेही त्याच वर्षाने ह्याच शहराला शिकविले. १९२३ च्या शरदात मशिदीपुढे वाद्ये वाजविण्यावरून नागपुरात मिरवणुकांचाच तंटा पेटला, आणि १९२७ च्या सप्टेंबरात येथे दंगल झाली. रस्ते तेच होते. फरक होता तो कोणास काय पटवून द्यावयाचे आहे ह्याचा. पहिल्या मिरवणुकीस समोरच्याचे मन वळवावयाचे होते. दुसऱ्यांना शेजाऱ्यास खिजवावयाचे होते.

आता दुसरी तारीख. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन चालू असताना विदर्भातील गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा मॉरिस कॉलेजच्या चौकापर्यंत आला. गुरे राखणारी ही माणसे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे जे नाव आहे ते आपलेच आहे, आणि त्याच्या सवलती आपल्यास मिळाव्यात, एवढे त्यांचे गाऱ्हाणे होते. बायका होत्या, कडेवर मुले होती. कोणी जबाबदार मंत्री येईल, निवेदन घेईल, म्हणून ती माणसे तासन् तास ताटकळली. सायंकाळी गर्दी पुढे रेटली गेली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, कठड्यांमुळे बाहेर पडावयास वाट राहिली नाही. चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. आदिवासी विकास मंत्र्यांनी राजीनामा दिला. चौकशी आयोग नेमला गेला, त्याने कोणावर ठपका ठेवला नाही. १९९५ मध्ये गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घेण्यात आले. पुढे २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला.

न्यायालयांनी काय ठरवावे हा आमचा विषय नव्हे. मागणी कायद्यात बसत नसेल, तर तसे सांगावयासही कोणी तरी त्या चौकापर्यंत यावयास हवे होते. ‘नाही’ हे उत्तर माणूस पचवितो. उत्तरच न मिळणे त्यास पचत नाही.

आम्ही पूर्वी काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. वर्गात सामसूम असली की नवा शिक्षक खूष होतो. पुढे कधी तरी त्याच्या ध्यानात येते की, मुले गप्प बसली आहेत ती समजल्यामुळे नव्हे, तर विचारण्यात काही अर्थ नाही असे त्यांस वाटू लागल्यामुळे. राज्यकर्त्यांची पुष्कळदा अशीच फसगत होते. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन ह्या दोन विदुषींनी १९०० ते २००६ ह्या काळातील ३२३ आंदोलने तपासली. त्यांत अहिंसक आंदोलनांपैकी ५३ टक्के यशस्वी ठरली, तर सशस्त्र लढ्यांपैकी अवघी २६ टक्के. आंदोलकांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. पण सत्ताधाऱ्यांनीही ठेवावा. कारण सनदशीर मार्ग फुकट जातो असा ज्याचा अनुभव असेल, त्यास कोणत्या तोंडाने आकडे सांगणार? गडचिरोलीच्या शेजारी राहणाऱ्या आम्हां लोकांना ह्याचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईस चालत गेलेल्या शेतकऱ्यांनी शेवटचा टप्पा रात्री उरकला, दहावीच्या मुलांना परीक्षेस जाताना अडथळा होऊ नये म्हणून. पाय फुटलेली ती माणसे पहाटे आझाद मैदानावर पोहोचली, आणि मुंबईचा मध्यमवर्ग पाणी व खाऊ घेऊन त्यांच्याकडे गेला. त्याच दिवशी, १२ मार्चला, मंत्र्यांनी बसून लेखी आश्वासन दिले. येथपर्यंत सारे १९२३ ला शोभेल असे झाले. परंतु आश्वासने पाळली गेली नाहीत अशी तक्रार घेऊन तेच शेतकरी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये रस्त्यावर उतरले. कागद देऊन मोर्चा परत पाठविता येतो, प्रश्न परत पाठविता येत नाही.

म्हणून आमचे दोन साधे मुद्दे आहेत. मागील अधिवेशनात कोणत्या शिष्टमंडळास कोणत्या मंत्र्याने काय सांगितले आणि त्यातले काय झाले, ह्याची यादी सरकारने अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी सभागृहापुढे ठेवावी. आणि जेथे मोर्चा अडविला जातो तेथे, कठड्याच्या पलीकडे, संबंधित खात्याच्या मंत्र्याने दिवसातून एकदा तरी स्वतः उभे राहावे. सुरक्षेची सबब आम्ही ऐकून आहोत. विधानभवनापासून मॉरिस कॉलेजचा चौक पायी जाण्याइतका जवळ आहे, आणि मधल्या रस्त्याचे खड्डे तर दरवर्षी बुजविलेलेच असतात.