मैदान मुलीनेच का सोडायचं?

आमच्या भागात कबड्डीच्या सरावाला येणाऱ्या एका मुलाचं आणि मुलीचं जमल्याचा बोभाटा झाला आणि मुलींचा संध्याकाळचा सरावच बंद करण्यात आला. मुलांचा चालू आहे. ज्या मुलाचं नाव तिच्याबरोबर घेतलं गेलं, तोही रोज मैदानावर येतो आणि चढाया करतो. कोणी त्याला अडवलेलं नाही, आणि अडवू नयेच. या निर्णयाची बाजू घेणारं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या वृत्तपत्रात छापून आलं. त्यात सगळं खापर ‘सैराट’ चित्रपटावर आणि खेळाडूंच्या प्रेमकथांवर फोडलं आहे. ते वाचून संताप झाला, म्हणून हे लिहिते आहे.

‘सैराट’ला दोष देणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आहे का? परश्या गावच्या क्रिकेट संघाचा कर्णधार. अर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. दोघं हैदराबादला जातात, कष्ट करतात, संसार उभा करतात. त्यांनी कोणाचं काय वाईट केलं? शेवटी जीव घ्यायला येतात ती अर्चीच्या माहेरचीच माणसं. त्या चित्रपटातून काही शिकायचं असेल तर ते आपण मोठ्यांनी शिकायचं आहे. तो पाहून पोरींच्या पायात बेड्या घालायच्या, हा अर्थ काढला तरी कुठून?

चित्रपटांवर माझाही राग आहे, पण तो वेगळ्या कारणासाठी. ‘सुलतान’ ६ जुलै २०१६ रोजी आला. त्यातली आरफा स्वतः पैलवान, ऑलिम्पिकचं सुवर्ण हे तिचं लहानपणापासूनचं स्वप्न. तिचं सुलतानशी लग्न होतं, दिवस जातात आणि ती माघार घेते. नवरा मात्र जिंकत जातो. तिच्या त्यागावर थिएटरात टाळ्या पडल्या. त्यानंतर सहा आठवड्यांत साक्षी मलिकने रिओमध्ये कांस्य जिंकलं, ऑलिम्पिक पदक मिळवणारी भारताची पहिली महिला पैलवान ठरली. पुढच्या वर्षी तिने सत्यव्रत कादियान या पैलवानाशी लग्न केलं. म्हणून तिने आखाडा सोडला नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत २०१८ मध्ये कांस्य, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला सुवर्ण. लग्नानंतर! तिरंदाज दीपिका कुमारी आणि अतनु दास यांचं लग्न ३० जून २०२० चं. वर्ष पुरं व्हायला तीन दिवस असताना पॅरिसच्या विश्वचषकात दीपिकाने एकाच दिवशी तीन सुवर्णपदकं घेतली, त्यातलं एक नवऱ्याच्या जोडीने. डिसेंबर २०२२ मध्ये मुलगी झाली आणि २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये ही आई उपांत्यपूर्व फेरीपर्यंत खेळली. पडद्यावरच्या आरफाला जे जमू दिलं नाही, ते या बायकांनी करून दाखवलं. यांची प्रेमकथा कोणी का काढत नाही? दोघंही खेळाडू, दोघंही प्रेमात, आणि शेवटच्या दृश्यापर्यंत दोघंही मैदानावर, असा एक तरी मराठी चित्रपट आमच्या मुलींना बघायला मिळू दे.

प्रेम झालं की पोरीचा खेळ संपला, हे पडद्यावरचं गणित आपण इथे जुन्नर-आंबेगावात जसंच्या तसं वापरतो आहोत. पुरुषांची महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा १९६१ पासून आहे. महिलांची पहिली स्पर्धा व्हायला २०२३ साल उजाडलं. एवढ्या उशिरा उघडलेलं दार एका अफवेवरून पुन्हा लावून घ्यायचं?

आणि हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. मैदानावर येणाऱ्या या मुली बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आहेत. भरतीत त्यांना ८०० मीटर, १०० मीटर धावायचं आहे, गोळा फेकायचा आहे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. सराव बंद म्हणजे मुलीची नोकरी गेली, आणि नोकरी गेली की पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न उरकलं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. मी मैदानावर मुली घडवण्यात आयुष्य घातलं आहे. गुणी मुली अशा घरी बसलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्याबरोबरची मुलं आज वर्दीत आहेत.

सराव बंद ठेवायला आता बिबट्याचं कारण पुढे केलं जातं. बिबट्याची भीती खरी आहे, ती मी नाकारणार नाही. वस्त्यांच्या चहूबाजूंनी ऊस आहे, पहाटे आणि तिन्हीसांजेला कोणीही रस्त्यावर एकटं पळू नये. पण हा धोका मुलांना नाही का? ती अंधारात पळतात तेव्हा कोणी हरकत घेत नाही. धोक्याचा खरोखर विचार असता तर मैदानावर दिवे लागले असते, कडेचं गवत काढलं असतं, कुंपण झालं असतं. यात्रेत बैलगाडा शर्यतीसाठी घाट साफ करायला, बक्षिसाला मोटारसायकली उभ्या करायला गावोगाव वर्गणी जमते. जमावी, ती आपली हौस आहे. मग चार खांब आणि चार दिवे यांनाच पैसे का नाहीत?

प्रेम करणं हा गुन्हा नाही. सरावाच्या वेळेत कोणी टिवल्याबावल्या करत असेल तर प्रशिक्षकाने दोघांनाही समज द्यावी, दोघांनाही मैदानाला फेऱ्या मारायला लावाव्यात. पालकांना काळजी वाटत असेल तर मुलींसाठी महिला प्रशिक्षक नेमा, चार आया रोज मैदानाच्या कडेला येऊन बसतील, मीही येईन.

मुलींचा सराव येत्या सोमवारपासून, मुलांच्याच वेळेला, त्याच मैदानावर सुरू झाला पाहिजे. आणि जिच्यावरून हे सगळं झालं, तिच्या घरी गावातल्या जबाबदार माणसांनी स्वतः जाऊन तिला परत बोलावलं पाहिजे.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, मंचर (ता. आंबेगाव)