‘राहणे-जेवण मोफत’ची किंमत



तुमच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत कोकण-गोव्याच्या रिसॉर्टमधल्या इंटर्नशिपवरचा लेख वाचला. समुद्र, माड, गणवेशातली हसरी मुलं आणि चौकटीत ठळक अक्षरांत ‘राहणे-जेवण मोफत’. स्टायपेंड किती मिळतो, हे मात्र अख्ख्या पानावर कुठेच नाही. तो आकडा मी सांगतो : हाती ३२०० रुपये.

माझा पुतण्या हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. कॉलेजने हात वर केले, ‘इंटर्नशिप स्वतःच शोधा’ म्हणून सांगितलं. शहरातल्या मुलांना ओळखीनं पुण्या-मुंबईत जागा मिळाल्या. बुलढाण्यातल्या उंद्रीच्या पोराची ओळख कुठून असणार? त्यानं फोन करकरून सिंधुदुर्गातलं एक रिसॉर्ट मिळवलं. पहिल्या महिन्याची पावती त्यानं मोबाइलवर पाठवली, ती मी चारदा वाचली. स्टायपेंड ४५००. त्यातून मेसचे १००० आणि गणवेश धुलाईचे ३०० वजा. हाती ३२००. जेवण मोफत होतं ना?

सव्वीस दिवसांनी भागलं तर दिवसाला सव्वाशेही होत नाहीत. आमच्याकडे निंदायला जाणारी बाई याहून जास्त रोज घेते, आणि दिवस मावळायच्या आत घरी येते. हा पोरगा सकाळी सहाला नाश्त्याच्या तयारीला उभा राहतो. दुपारी दोन-तीन तास ‘ब्रेक’ आणि संध्याकाळपासून पुन्हा ड्युटी. व्हिडिओ कॉलवर त्यानं खोली दाखवली. लाँड्रीच्या मागे पत्र्याखाली आठ जण, एक बाथरूम, खिडकीच्या गजांना वाळत घातलेले मोजे. रात्री साडेअकराला पाहुण्यांची बस आली की याच खोलीचं दार वाजतं.

म्हणून म्हणतो, राहण्याची ही सोय पोरांची नाही, रिसॉर्टची आहे. गावापासून लांब किनाऱ्यावर हॉटेल बांधायचं, तिथे रात्री एसटी जात नाही, मग हाकेच्या अंतरावर माणसं ठेवावीच लागतात. स्वतःची गरज भागवायची आणि ती उपकार म्हणून पोरांच्या स्टायपेंडमध्ये मोजायची, हा कुठला हिशेब?

शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ पासून कायदा आहे. २०१९ च्या नियमांत पाचवी ते नववी शिकलेल्या उमेदवारालाही महिना किमान ५००० आणि पदवीधराला ९००० ठरवले गेले. राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नुसत्या बारावी पासला ६०००. पण कॉलेजमार्फत गेलेला विद्यार्थी ‘अप्रेंटिस’ म्हणून नोंदलेलाच नसतो, तो ‘ट्रेनिंग’ला आलेला असतो. झालं, कायदा दाराबाहेर! काम तेच, चादरी त्याच, ट्रे तोच. नववी नापास पोराला कायद्यानं जे मिळायला हवं, ते पदवीच्या विद्यार्थ्याला मिळत नाही. तक्रार करावी तर सर्टिफिकेट त्यांच्या हातात आणि त्याशिवाय वर्ष पास होत नाही. पोरगा मलाच म्हणतो, ‘काका, तुम्ही फोन नका करू.’

कॉलेजांनी इंटर्नशिपच्या पत्रावर स्टायपेंड, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि कपात लिहून घेतल्याशिवाय मुलाला पाठवू नये. विद्यापीठानं तसं पत्र नसेल तर ती इंटर्नशिप धरूच नये. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्याचं कौतुक आम्हालाही आहे. पण तिथल्या खोल्या झाडायला बुलढाण्याचं पोर सव्वाशेत मिळतं, यात कसला पर्यटन विकास?

आणि आमच्या पोरांनी एवढ्या लांब जावंच का? लोणार आमच्याच जिल्ह्यात आहे. २०२० मध्ये सरोवराला रामसर दर्जा मिळाला, भाषणं झाली. पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही तिथे आहे. जिल्ह्यातल्या दहा-वीस मुलांना तिथे रीतसर स्टायपेंडवर का शिकवत नाहीत? जगभरातून माणसं जे पाहायला येतात, त्याच्या काठावर आमच्या पोराला चहाचा ट्रे धरायची संधी मिळू नये, याचा संताप येतो.

तुमच्या पुढच्या लेखात समुद्राचा फोटो लहान छापा, पण प्रत्येक रिसॉर्टच्या नावापुढे स्टायपेंडचा आकडा आणि कपात छापा. पावती हवी असेल तर रिसॉर्टचं आणि पोराचं नाव झाकून पाठवायला मी तयार आहे.

– एक पालक, उंद्री (ता. चिखली, जि. बुलढाणा)