नवऱ्याच्या मोबाइलवर येणारा आकडा



2025च्या दिवाळीआधी आमच्या केंद्रात एक बाई आली. मूळची पेठ तालुक्यातली, द्राक्षाच्या छाटणीसाठी दिंडोरीकडे उतरलेली. नवऱ्याने टाकून नऊ वर्षं झालेली. तो गुजरातेत दुसरीबरोबर राहतो, एवढंच तिला ठाऊक. 'लाडकी बहीण'चे दीड हजार वर्षभर तिच्या खात्यात येत होते आणि त्यातून तिने मुलीची शाळा सुरू ठेवली होती. सेवा केंद्रातल्या पोराने तिला सांगितलं, "मावशी, तुमचं झालं, आता नवऱ्याचा आधार नंबर सांगा. त्याच्या मोबाइलवर आकडा येईल, तो आणा." ती आम्हाला विचारत होती, "ताई, त्याच्याकडे आकडा मागायला मी जाऊ? माझ्या खात्यावर पैसे येतात हे त्याला कळलं की तो दारात उभा राहील."

या एका प्रश्नात सगळा विषय आला. पण शासनाला तो कळलेला दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहायला हवं.

18 सप्टेंबर 2025 रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की योजनेतल्या प्रत्येक बाईने दोन महिन्यांत ई-केवायसी करावी. पद्धत अशी : पोर्टलवर बाईने आपला आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येईल तो भरायचा. इथवर एक वेळ समजू. पण पुढच्या पानावर पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक टाकायचा, आणि ओटीपी जाणार त्यांच्या मोबाइलवर. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. बाई एकवीस वर्षांची असो की चौसष्टची, कमावती असो की घर चालवणारी, तिची ओळख पुरी होण्यासाठी एका पुरुषाचा फोन वाजावा लागतो.

हे तांत्रिक बाब म्हणून सोडून देऊ नका. ओटीपी म्हणजे संमती. आधारच्या व्यवहारात तो आकडा सांगणं म्हणजे 'होय, माझी माहिती वापरा' असं म्हणणं. म्हणजे बाईला मिळणाऱ्या पैशावर नवऱ्याची संमती शासनाने स्वतःच्या हाताने बसवली. जो नवरा आकडा देईल तो उपकार म्हणून देईल. जो देणार नाही त्याला काही कारण सांगावं लागणार नाही. दारू प्यायला दोनशे दे, मग आकडा सांगतो, असं ऐकून घेतलेल्या बायका आमच्या बैठकीत बसल्या होत्या. आजवर नवऱ्याला बायकोच्या मजुरीवर हात टाकायला निदान तिचा हात पिरगाळावा लागत होता. आता नुसता फोन बंद ठेवला तरी पुरतं.

याच शासनाने मार्च 2024मध्ये मंत्रिमंडळात निर्णय घेतला होता की 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लागेल, सरकारी कागदांवर ते सक्तीचं राहील. आम्ही त्याचं स्वागत केलं होतं, अजूनही करतो. पण कागदावर आईचं नाव चढवायचं आणि दीड वर्षाने तिच्या पैशाच्या किल्लीसाठी तिला बापाकडे नाहीतर नवऱ्याकडे पाठवायचं, याला काय म्हणावं?

योजनेचा मूळ निर्णय 28 जून 2024चा. त्यात पात्र बायका म्हणून विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार अशी स्पष्ट यादी आहे. 'परित्यक्ता' हा शब्द सरकारी कागदावर आपोआप आलेला नाही. चळवळीने तो आणला. इथून सिन्नर ओलांडलं की संगमनेर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे टाकलेल्या बायकांच्या प्रश्नावर काम उभं राहिलं. वेगळं रेशनकार्ड द्या, आम्हाला आमच्या नावाने मोजा, या तेव्हाच्या मागण्या. रेशनकार्डासाठी तलाठ्याकडे गेलेल्या बाईला विचारत, 'नवऱ्याचं नाव कमी केल्याचा दाखला आण.' आता पोर्टल तेच विचारतं. तलाठ्याशी निदान भांडता येत होतं, त्याच्या दारात बसता येत होतं. पोर्टलच्या दारात कशी बसणार?

ओरड झाली तेव्हा मुदत 31 डिसेंबर 2025पर्यंत वाढवली आणि सवलत जाहीर झाली. ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत किंवा घटस्फोट झाला आहे, त्यांनी स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश यांची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यावी. विधवा सुटली. कोर्टाची पायरी चढून कागद मिळवलेली बाई सुटली. परित्यक्तेचं काय? तिचा नवरा मेलेला नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. तिला घटस्फोट कोणी दिलेला नाही. पोटगीचा दावा लावायला तिच्याकडे वकिलाचे पैसे नव्हते, नवऱ्याचा पत्ता नव्हता. ज्या शब्दाने ती निर्णयाच्या यादीत आली, तोच शब्द सवलतीच्या यादीत नाही. पोर्टल बनवणाऱ्याने निर्णय वाचला नसेल, की वाचूनही परित्यक्ता म्हणजे कोण हे त्याला कळलं नसेल? माझा अंदाज दुसरा. अशी बाई त्यांच्या घरात नसते, निदान तसं ते मानतात.

आणखी एक गंमत. शेवटच्या पानावर दोन वाक्यं होती, त्यांना हो किंवा नाही म्हणायचं. पहिलं वाक्य नकारार्थी : कुटुंबातलं कोणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचं. आता ज्या बाईच्या घरात कोणी नोकरीत नाही तिने 'हो' म्हणायचं की 'नाही'? सरळ मनाची बाई म्हणते, "नाही हो, आमच्यात कुठली सरकारी नोकरी!" तिने 'नाही' दाबलं आणि ती सरकारी नोकरदाराच्या घरातली ठरली. शाळेत मराठी शिकवताना दुहेरी नकाराचं वाक्य मुलांना घालायलाही आम्ही कचरतो. शेवटी जानेवारी 2026मध्ये शासनालाच जाहीर करावं लागलं की चुकीचा पर्याय निवडला गेलेल्या बायकांची अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करू. म्हणजे यंत्राने जो घोळ घातला तो निस्तरायला पुन्हा एक बाईच घरोघर फिरणार. मग पहिल्यापासून तिलाच का विचारलं नाही? कोणाच्या घरात कोण राहतं, कोणाला नवऱ्याने टाकलंय, कोणाचा दीर झेडपीत आहे, हे गावात सेविकेइतकं कोणाला माहीत असतं?

सेविकेचं तर वेगळंच रामायण आहे. 2021मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले, कारण ते गरम होत, बंद पडत आणि त्यातलं पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत होतं. जुलै 2025पासून त्याच अ‍ॅपवर घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची सक्ती आली. गरोदर बाईने, बाळंतिणीने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, डोळे मिचकवायचे, आणि जुन्या फोटोशी चेहरा जुळला तर पाकीट मिळणार. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर जिथे रेंज टेकडीवर चढल्यावर येते, तिथे आठव्या महिन्यातल्या बाईला टेकडीवर न्यायची का? चोरी पकडायची होती ती पाकिटांच्या पुरवठ्यात. कॅमेरा लावला तो पोटुशीच्या तोंडावर.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू, कारण ते आपल्या बैठकांतूनही बोललं जातं. म्हणतात, बोगस लाभार्थी निघालेच ना? निघाले. 2025मध्ये सुमारे 26 लाख लाभार्थींचे पैसे थांबवल्याचं शासनाने सांगितलं, आणि यादीत चौदा हजारांहून अधिक पुरुषही निघाले. पुरुष! बहिणीच्या योजनेत भाऊ पैसे खाऊन गेला. पण हे घडलं कसं? 2024च्या विधानसभा निवडणुकीआधी अर्ज घाईघाईने मंजूर झाले तेव्हा तपासणी कोणी करायची होती? आधारवर लिंग नोंदवलेलं असतं. पुरुषाचा अर्ज अडवायला त्याच्या बायकोचा ओटीपी लागत नव्हता. सरकारी कर्मचाऱ्यांची पगाराची यादी सरकारकडेच आहे, आयकराची माहिती केंद्राकडे आहे, अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट तपासायला त्या याद्या पुरेशा होत्या. चूक कार्यालयाची, आणि शिक्षा म्हणून रांगेत उभी बाई.

काहीजणी म्हणतात, दीड हजारांची ही भीक, मतांसाठी वाटलेली, तिच्यासाठी आपण का झगडायचं? योजना मतांसाठी आली हे मलाही दिसतं. रोजगार हमीची कामं, वेळेवर मजुरी, जमिनीवर नाव यांची जागा दीड हजार घेऊ शकत नाहीत. 1986च्या नोव्हेंबरात आपल्याच जिल्ह्यात चांदवडला लाखावर शेतकरी बायका जमल्या होत्या, त्या खैरात मागायला जमल्या नव्हत्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांनी बायकांच्या नावाने जमिनी केल्या. पण 'लाडकी बहीण'ने एक गोष्ट केली, ती नाकारून चालणार नाही. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात आले. कित्येकींनी त्यासाठी पहिल्यांदा बँकेची पायरी चढली. जे थोडं तिच्या हातात सुटं आलं होतं, त्याचीच दोरी पुन्हा नवऱ्याच्या हातात दिली, म्हणून झगडायचं.

आणि आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात आहोत हा आरोप तर कृपा करून कोणी करू नये. मध्यरात्री मार खाल्लेली बाई आज फोनवरच मदत मागते, शिवीगाळीची नोंद फोनमध्येच ठेवते. पण फोन कोणाचा, हा प्रश्न आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका महाराष्ट्रात निम्म्याहून जेमतेम अधिक निघाल्या. उरलेल्यांचा आकडा कोणाच्या फोनवर येत असेल ते सांगायला नको. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात एका आदिवासी बाईच्या हातात दिलं होतं. तेव्हा सांगितलं गेलं की आता गरिबाला स्वतःची ओळख मिळाली, मध्यस्थ गेला. पंधरा वर्षांनी मध्यस्थ परत आलाय, आणि तो घरातच राहतो.

कायद्याकडे पाहावं तर तिथेही उजेड कमी. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017ला सांगितलं. 2018मध्ये त्याच न्यायालयाने कल्याणकारी योजनांसाठी आधारची सक्ती बहुमताने मान्य केली. मग 2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. अनुदान, लाभ, दाखले देण्यासाठी सरकारने आपल्या माहितीचा वापर करायला त्यात नव्या संमतीची गरज बऱ्याच बाबतींत ठेवलेली नाही. याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(जे)मध्ये बदल केला, आणि नोव्हेंबर 2025मध्ये तो लागूही झाला. पूर्वी व्यक्तिगत माहितीही व्यापक जनहित असेल तर द्यावी, असं त्या पोटकलमातच होतं. ते काढून टाकलं. जनहिताचं सर्वसाधारण कलम 8(2) अजून आहे, पण तालुक्याच्या कार्यालयात बसलेला माहिती अधिकारी ते वाचून दाखवणार नाही. तुमच्या गावातल्या किती बायकांचे पैसे बंद झाले, कोणत्या कारणाने, कोणाच्या सहीने, असं विचारलं की 'व्यक्तिगत माहिती' असा शिक्का मारून अर्ज परत येण्याची वाट आता मोकळी आहे. बाईची सगळी माहिती सरकारला उघडी, सरकारची माहिती बाईला बंद.

आमच्या मागण्या फार नाहीत. कोणत्याही योजनेत सज्ञान बाईची ओळख तिच्या एकटीच्या कागदांवर पुरी व्हावी. पती-वडिलांचा ओटीपी कायमचा काढावा, 'यंदापुरती सवलत' नको. परित्यक्तेला स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणि ग्रामसभेचा किंवा सेविकेचा दाखला पुरावा म्हणून चालावा. पैसे थांबवण्याआधी लेखी नोटीस द्यावी, तीही मराठीत आणि सरळ वाक्यात. गावनिहाय बंद झालेल्या खात्यांची संख्या आणि कारणं पंचायतीच्या फळ्यावर लावावीत, नावं न देता. चेहरा जुळला नाही म्हणून आहार अडवू नये.

पेठची ती बाई पुन्हा आली नाही. छाटणी संपली, टोळी पुढच्या बागेत गेली. तिने नवऱ्याला फोन केला की पैसे सोडून दिले, मला माहीत नाही. तुमच्या गावात, वस्तीत अशा किती जणी आहेत ते आपल्याला मोजायचं आहे. प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीपर्यंत साध्या वहीत लिहून आणावं : बाईचं वय, काम, नवऱ्याची स्थिती, पैसे कधी थांबले, कोणतं कारण सांगितलं, सेवा केंद्रात किती पैसे घेतले. नाव लिहायचं की नाही ते तिला विचारून ठरवा. आधार क्रमांक आणि फोन नंबर मात्र कोणाचाही लिहू नका, तिने स्वतः दिला तरी.