योग लाभला, क्षेमाचे काय?

शके १९४५ च्या चैत्र शुद्ध अष्टमीस, म्हणजे २९ मार्च २०२३ रोजी, आमच्या चंद्रपूर-बल्लारपूर भागात काष्ठपूजनाचा सोहळा झाला. दुसऱ्या दिवशी रामनवमी होती. आलापल्ली-बल्लारपूरच्या वनांतील उत्तम सागवान अयोध्येच्या श्रीराममंदिराच्या दारांसाठी निवडले गेले होते, आणि ते काष्ठ पाहण्यास, त्यास हात लावून नमस्कार करण्यास सारा परिसर रस्त्यावर लोटला होता. पुढे २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली. महाकालीच्या या नगरात गेली चाळीस वर्षे कीर्तनसेवा करणाऱ्या आम्हांस त्या दिवशी धन्यता वाटली. वाल्मीकींच्या दंडकारण्याशी ज्या प्रदेशाचे नाते परंपरा जोडते, त्या प्रदेशाचे लाकूड रामरायाच्या द्वारी लागावे, यासारखे भाग्य कोणते?

त्यानंतरच्या एका रामनवमीस बल्लारपुरात आमचे कीर्तन होते. उत्तररंगात हा प्रसंग आम्ही मोठ्या रसाने सांगितला. आरतीचे ताट फिरले तेव्हा रानाकडच्या गावातून आलेल्या एका वृद्ध बाईने त्यात पैसे न टाकता ओंजळभर मोहफुले ठेवली आणि विचारले, "महाराज, रामाच्या देवळाले दार आमच्याच रानातलं लागलं म्हणते, खरं आहे का?" आम्ही "होय, माई" म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, "बरं झालं. आमच्या घराले तर अजून ताटवाच आहे."

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. परंतु त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

संस्कृतात 'योगक्षेम' असा एक अर्थगर्भ शब्द आहे. जे नाही ते मिळविणे हा योग आणि जे मिळाले ते सांभाळणे हा क्षेम. दोन्ही मिळून संसार होतो, राज्यही होते. कौटिल्याने अर्थशास्त्रात वनातील लाकूड, वेळू व इतर पदार्थांसाठी 'कुप्याध्यक्ष' नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. वन ही संपत्ती आहे, तिची नीट व्यवस्था लागते, हा विचार आपणांस नवा नाही.

या दृष्टीने आमच्या दोन जिल्ह्यांकडे पाहावे. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी २६ ऑगस्ट रोजी गडचिरोली वेगळा झाला. येथे योगास तोटा नाही. बल्लारपूरचा कोळसा आहे, सागाचे डेपो आहेत, १९४५ साली उभी राहिलेली कागद गिरणी आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तुमच्या देवघरातील विजेचा दिवा कदाचित आमच्या कोळशावर उजळत असेल, आणि पोथीच्या कागदात कदाचित आमच्या रानचा बांबू असेल. सूरजागडच्या ज्या डोंगरावर माडिया बांधव ठाकूरदेवाची पूजा करतात, तेथून आता लोहखनिजही निघते.

सौंदर्यासही तोटा नाही. सिरपूर सोडून वर्धेच्या काठी राजधानी करणाऱ्या खांडक्या बल्लाळशाहाचा किल्ला बल्लारपुरात आहे. अंगावरील गाठींनी त्रस्त झालेल्या या राजास झरपट नदीच्या पात्रातील पाण्याने गुण आला, राणीने त्या जागेचे माहात्म्य ओळखले आणि तेथे चंद्रपूर वसले, अशी आख्यायिका आहे. पुढे राणी हिराईने महाकालीचे मोठे मंदिर बांधले. चैत्रात मराठवाड्यातून आणि तेलंगणातून भाविक या मातेच्या यात्रेस येतात. मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठी शिल्पांनी बहरलेला मंदिरसमूह उभा आहे. ताडोबाच्या व्याघ्रवनाची कीर्ती तर जगभर आहे. परंतु ते नाव 'तारू' या वनवासींच्या देवाचे आहे, हे वाघ पाहण्यास येणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असते? वाघाशी झुंजताना पडलेल्या गावप्रमुखाचा देव झाला आणि तलावाकाठी झाडाखाली त्याचे स्थान झाले, असे गोंड बांधव सांगतात.

ती कथा अजून संपलेली नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचणे आणि मग तेंदूपाने तोडणे यांवर वनकाठच्या घरांचे पुढचे कित्येक महिने निघतात. भीती वाटते म्हणून ती बाई घरी बसू शकत नाही. वाघ आम्हांस पूज्य आहे, जगदंबेचे ते वाहन आहे. परंतु वाघ राखण्याचे मोल सारा देश गौरवाने मिरवणार आणि ते चुकते मात्र एकटी तेंदू तोडणारी करणार, हे धर्मास धरून नाही.

कोणी म्हणेल, महाराज, खाणी आणि गिरण्या आल्या म्हणूनच बल्लारपुरात चुली पेटल्या. हे आम्ही नाकारीत नाही. आमच्या श्रोत्यांत खाणीतील आणि गिरणीतील कितीतरी कुटुंबे आहेत; त्यांच्याच वर्गणीतून आमची बिदागी येते. ताडोबाच्या वेशीवरील गावांतील तरुण आज वाटाडे झाले, गाड्या चालवू लागले, हेही खरे. आमचे म्हणणे एवढेच, की योगाचा हिशेब चोख ठेवला जातो आणि क्षेमाची वही कोरी राहते. ज्या झरपटीने राजास बरे केले असे आपण सांगतो, तिच्या आजच्या पाण्यात यात्रेकरूने श्रद्धेने बुडी मारावी असे सांगण्यास आमची जीभ रेटत नाही.

क्षेम कसा साधावा, हे शिकण्यास दूर जावयास नको. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास २००९ साली आपल्या वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकारही मिळाला. बल्लारपुराच्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावास २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर वनाचा हक्क मिळाला. पाचगावकरांनी सभेत बसून ठरविले की तेंदूपाने तोडावयाची नाहीत. कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, रानास आगी लावल्या जातात. हातचा पैसा त्यांनी सोडला, बांबूवर संसार चालविला आणि वनाचा काही भाग देवराई म्हणून राखला. शास्त्र न पढता त्यांनी योगक्षेमाचा अर्थ आचरून दाखविला. असा हक्क आणि असा विवेक गावोगावी पोहोचावा, हे शासनाचे कर्तव्य आहे आणि तसा आग्रह धरणे हे आपले.

भाविक वाचकांकडे आमचे मागणे लहानच आहे. या चैत्रात महाकालीच्या दर्शनास आलात, तर माघारी फिरण्याची घाई करू नका. मार्कंड्यास जा, आलापल्लीच्या राखलेल्या जुन्या वनात घटकाभर उभे राहा. देवघरासाठी परडी घ्यावयाची असेल तर ती विणणाऱ्या बुरुडणीच्या हातून घ्या आणि तिच्याशी घासाघीस करू नका. वाघ दिसला नाही म्हणून हळहळण्यापूर्वी वाटाड्यास विचारा, तुझ्या गावात यंदा सारे सुखरूप आहेत ना? नदीत निर्माल्य टाकू नका. यात्रेकरूचा रुपया थेट त्या हातात पडतो, आणि त्याची विचारपूस तर रुपयाहून मोठी असते.

लंकेहून परतताना प्रभू रामचंद्र भरद्वाजांच्या आश्रमात थांबले आणि त्यांनी हनुमंतास अयोध्येस पुढे धाडले, ही कथा आपणांस ठाऊक आहे. त्या आज्ञेतील एक गोष्ट मात्र आपल्या ध्यानातून निसटते. भरताकडे जाण्यापूर्वी वाटेत शृंगवेरपुरास जा आणि निषादराज गुहास माझे कुशल सांग, असे प्रभूंनी हनुमंतास बजाविले होते, असे वाल्मीकी सांगतात. चौदा वर्षांनी राज्य समोर दिसत असताना रामास नदीकाठचा वनवासी मित्र आधी आठवला.

आमच्या सागाची दारे आज अयोध्येत उघडतात आणि मिटतात. यंदाच्या रामनवमीस त्या दारांतून मनाने दर्शन घेताना, ज्या रानातून ती आली त्या रानातील ताटव्यामागच्या माणसांचे कुशल आपणही विचारावे. ती मोहफुले आम्ही त्या रात्री नैवेद्यात ठेवली होती.